अवरमीटर शून्यावर येत नाही

२ मार्च, रविवार. सकाळी ११.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. उद्या कुणी उलटसुलट बोललंच तर आपल्याकडे रेकॉर्ड असावं म्हणून. मशीनचं लॉगबुक चोवीस वर्षं लिहिलं, स्वतःचं लिहायला काय जातंय.

वस्तुस्थिती अशी. मी टॉवर क्रेन चालवतो. बासष्ट मीटर वर, काचेची केबिन, एक खुर्ची, दोन दांडे. खाली जे उचलायचं ते उचलतो, जिथं ठेवायचं तिथं ठेवतो. चोवीस वर्षांत एकही अपघात नाही. बुधवारी झाला त्याला मी अपघात म्हणत नाही.

बुधवारी काय झालं: सकाळी साडेनऊला सळ्यांचा बंडल नवव्या मजल्यावर उतरवत होतो. तिथं माझा सिग्नलमन उभा होता. सिग्नलमन म्हणजे खालून वॉकीटॉकीवर मला डावं-उजवं सांगणारा माणूस. बंडल जरा झुलला. तो पटकन आडवा झाला. बंडल त्याच्या हेल्मेटला चाटून गेला. हेल्मेट नऊ मजले खाली गेलं, माणूस वरच राहिला. म्हणजे एकूण नुकसान काय, एक हेल्मेट. वारा होता.

पण सेफ्टीबाईंनी मला खाली उतरवून नळीत फुंकायला लावलं. सेफ्टीबाई म्हणजे आमच्या सेफ्टी ऑफिसर. वय तिशीचं, आवाज हेडमास्तरणीचा. आकडा आला. तो आदल्या दिवसाचा उरलासुरला आहे हे मी नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, यंत्राला कालचं-आजचं कळत नाही. म्हटलं, मग यंत्र बदला.

निकाल: केबिन बंद. बारा आठवडे स्टोअरमध्ये ड्युटी. दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला बसायचं आणि एका कार्डावर सही आणायची. बारा सह्या झाल्या की पुन्हा फुंकायचं. आणि सर्वांत शेवटी सिग्नलमननं एका फॉर्मवर लिहून द्यायचं की या माणसाच्या हुकाखाली उभं राहायला माझी हरकत नाही. हे सगळं जमलं तर वर. नाहीतर कायमचं खाली.

सोपं आहे. बारा म्हणजे डझनभर. केळीसुद्धा डझनानं घेतो आपण.

३ मार्च, सोमवार.

गटाचा नंबर शोधला, फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, स्वतःसाठी विचारताय का. म्हटलं, एका मित्रासाठी. ते म्हणाले, मंगळवारी सात वाजता, वाचनालयाची इमारत, पहिला मजला. मित्राला घेऊन या. मित्र आला नाही तरी तुम्ही या.

आगाऊ माणूस.

४ मार्च, मंगळवार. जेवणानंतर.

पहिली मीटिंग झाली. लोक फारच वाया गेलेत. मी निदान तब्येत सांभाळून आहे.

पहिल्या मजल्यावर दोन दारं होती. ज्यात गर्दी जास्त त्यात शिरलो. वीसेक माणसं. एक आजोबा म्हणाले, सकाळ-संध्याकाळ बोट टोचून बघतो. स्वतःवर एवढा पहारा? आमच्या सेफ्टीबाईसुद्धा इतकं करत नाहीत. एक बाई रडवेल्या होऊन सांगत होत्या की नवरा झोपला की त्या उशीखाली लपवलेली बिस्किटं काढतात. दारूबरोबर बिस्किटं, ही कुठली पद्धत. एकाच्या पायाचं बोट कापलं होतं. हे ऐकून मात्र मी हादरलो. दारूनं बोट जातं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मला विचारलं, कधीपासून आहे. म्हटलं, मला काही नाही, कामावरून पाठवलंय. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मग एका नर्सबाईंनी माझंही बोट टोचलं, थेंब घेतला, आणि म्हणाल्या, एकदम नॉर्मल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ते लिहून मागितलं. त्यांनी लिहून दिलं.

बारा आठवड्यांचं काम एका आठवड्यात. घरी येताना जरा बसलो. साजरं करायलाच हवं होतं.

५ मार्च, बुधवार.

सेफ्टीबाईंनी चिठ्ठी बघितली, उलटी करून बघितली, आणि म्हणाल्या की हा साखरेचा रिपोर्ट आहे. मी मधुमेहवाल्यांच्या गटात जाऊन बसलो होतो. दारूवाल्यांचं दार शेजारचं.

मी बाजू मांडली की ज्याची साखर इतकी नॉर्मल आहे त्याचं बाकीचं बिघडेल कसं. सही धरली नाही.

घरी हिला सांगितलं. ही ओट्याला धरून हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तिच्या. शेवटची कधी अशी हसली होती ते आठवायला बसलो, आठवेना. विषय सोडून दिला.

११ मार्च, मंगळवार.

बरोबर दार. सात खुर्च्या, गोल मांडलेल्या. गोल मांडल्यानं जागा वाया जाते, पण सांगणार कोणाला. थर्मासमधला चहा, पातळ.

इथं नावं सांगायची नसतात. मी प्रत्येकाला कामावरून ओळखायचं ठरवलंय. फोनवरचे आगाऊ गृहस्थ म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. एकोणीस वर्षं थेंब नाही म्हणतात. सही तेच करतात. मी आधीच कार्ड पुढे केलं. म्हणाले, शेवटी. त्यांच्या शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई. कपडे इस्त्रीचे, चप्पल उंची. वाटलं, गावातल्या कुणा संस्थेनं पाठवलं असेल भाषणाला. तर त्याही त्यातल्याच.

मी सांगितलं की मी इथं निरीक्षक म्हणून बसणार आहे. कुणी हरकत घेतली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीपण पहिले पाच महिने निरीक्षकच होते.

मग त्यांनी सांगितलं की त्यांचा हात कापायचा, म्हणून त्या पेशंटला डोळे मिटायला सांगायच्या. पेशंटना वाटायचं, बाई किती काळजी घेतात. ऐकून अंगावर काटा आला. तोंडात ड्रिल आणि हात कापतोय. माझं तसलं काही नाही. माझी माणसं तर साठ मीटर लांब असतात.

सही क्रमांक एक.

१२ मार्च, बुधवार.

संकल्प. आजपासून पूर्ण बंद. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझी मर्जी म्हणून.

अपवाद फक्त रविवार, कारण शिफ्ट नसते. आणि बियर, कारण ती दारूत मोडत नाही. दुकानदारसुद्धा पाटीवर वेगळी लिहितो.

१६ मार्च, रविवार.

अपवाद वापरला.

१७ मार्च, सोमवार.

रविवार लांबला.

१८ मार्च, मंगळवार.

सही क्रमांक दोन. मला बोलायचंय का विचारलं. मी वाऱ्याविषयी बोललो. उंचावर वारा कसा वळसे घेतो, जमिनीवरच्या माणसाला त्याची कल्पना कशी नसते. वीस मिनिटं बोललो. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी मास्तर म्हणाले, धन्यवाद. ज्ञानात भर पडली असणार.

२० मार्च, गुरुवार.

स्टोअर. पत्र्याची खोली, एक टेबल, एक रजिस्टर. हातमोजे, हेल्मेट, बूट, दोऱ्या. कोणी आला की द्यायचं आणि लिहायचं. चोवीस वर्षं टनात विचार केला, आता जोड्यांत करतो.

खिडकीतून माझी क्रेन दिसते. वर बदली ऑपरेटर बसतो. चालवतो ठीक, पण भित्रा आहे. प्रत्येक लोड असा आणतो की वाटावं झोपलेल्या माणसाला उचलून नेतोय. स्टोअरमध्ये वॉकीटॉकी आहे, त्यावर सगळं ऐकू येतं. सिग्नलमन त्याच्याशी बोलतो. "सावकाश, सावकाश, बास." माझ्याशी बोलायचा तसंच. अकरा वर्षं तो आवाज माझ्या कानात होता. हिचा आवाजसुद्धा मी इतका ऐकला नसेन.

दुपारी तो स्टोअरवरून गेला. म्हणाला, बरं चाललंय ना दादा. म्हटलं, उत्तम. थांबला नाही. घाईत असेल.

१ एप्रिल, मंगळवार.

सही क्रमांक चार. मोठी बातमी. मीटिंगच्या खोलीची किल्ली मला दिली. साडेसहाला येऊन दार उघडायचं, खुर्च्या मांडायच्या, चहा करायचा. एकोणीस वर्षंवाले तिथं बसलेले, सहा वर्षंवाल्या डॉक्टरीणबाई बसलेल्या, आणि किल्ली कुणाला? चार आठवड्यांच्या माणसाला. नेतृत्वगुण लपत नाहीत.

घरी येऊन हिला सांगितलं की मला इन्चार्ज केलंय. ही म्हणाली, कशाचा. म्हटलं, सगळ्याचा.

८ एप्रिल, मंगळवार.

खुर्च्या गोल मांडायचं बंद केलं. दोन ओळी, मध्ये वाट. सगळे आले, काही न बोलता खुर्च्या उचलून पुन्हा गोल बसले. बदलाला विरोध हा माणसाचा स्वभावच आहे. चहा मात्र माझा आवडला.

१४ एप्रिल, सोमवार.

इथं एक रिवाज आहे. तीस दिवस झाले की एक गोल बिल्ला देतात. नाण्याएवढा, हलकासा. मागच्या आठवड्यात एका शिंप्याला मिळाला तर तो गळा काढून रडला.

आज हिशेब मांडला. २७ फेब्रुवारीपासून उद्यापर्यंत अठ्ठेचाळीस दिवस होतात. त्यातले कोरडे दिवस, बियर धरूनही, मी अगदी कडक मोजले. भरले बरोबर तीस. म्हणजे साडेबासष्ट टक्के. फर्स्ट क्लास.

कुणी म्हणेल सलग नाहीत. तर त्यांना मशीन कळत नाही. क्रेनच्या पॅनेलवर अवरमीटर असतो. मशीन किती तास चाललं ते दाखवतो. मध्ये मशीन बंद पडलं, दुरुस्तीला गेलं, आठवडाभर पावसात उभं राहिलं, तरी अवरमीटर शून्यावर येत नाही. जिथं थांबला तिथून पुढं चालतो. केलेलं काम केलेलंच असतं. ते पुसण्याचा अधिकार कुणाला नाही.

उद्या बिल्ला. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

१५ एप्रिल, मंगळवार.

अपमान.

मी उभा राहिलो आणि तीस दिवस झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या. मास्तर बिल्ला घेऊन पुढे आले. सहज विचारावं तसं म्हणाले, शेवटची कधी घेतली होती? मी खोटं कशाला बोलू. म्हटलं, रविवारी.

मग डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं. मग शिंपी. मग सगळे. डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. मी शांतपणे अवरमीटर समजावून सांगितला, टक्केवारीसकट. फर्स्ट क्लासला तर शिंपी खुर्चीवरून पडायचाच राहिला. म्हणाला, मीपण मोजायचो हो असंच, मी तर नुसत्या सकाळी मोजायचो.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, सकाळी केबिनमध्ये चढल्यावर पहिलं काय बघता? म्हटलं, ब्रेक. पहिला लोड जमिनीपासून वीतभर उचलायचा आणि तसाच धरायचा. खाली सरकला तर मशीन बंद. त्यांनी विचारलं, हे कधी करता? म्हटलं, रोज. काल धरला होता म्हणून आज धरेलच असं नसतं.

"बस्, इथं तेवढंच बघतात," ते म्हणाले. "अवरमीटर तुमचा चांगलाच आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही."

माझ्याकडे याला उत्तर होतं. पण चहा निवत होता म्हणून दिलं नाही. सही घेतली, बिल्ला टेबलावर राहिला. पुन्हा त्या खोलीत पाय ठेवणार नाही. दुसरा गट शोधतो, जिथं लोकांना मशीनचं ज्ञान असेल.

२१ एप्रिल, सोमवार.

दुसरा गट शोधला. गुरुवारचा आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. उद्या इकडे जाणार नव्हतो. पण किल्ली माझ्याकडे आहे. मी गेलो नाही तर लोक जिन्यात उभे राहतील. तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

२२ एप्रिल, मंगळवार.

गेलो. फक्त दार उघडायला. उघडल्यावर लगेच निघणं बरं दिसलं नसतं. सही क्रमांक सात.

२९ एप्रिल, मंगळवार.

स्पष्टीकरण. आज कामावरून सुटून सरळ तिकडेच निघालो होतो. वाटेत जरा टेकलो. घसा कोरडा पडला होता, स्टोअरमध्ये धूळ असते. एकच घेणार होतो. पोचलो तेव्हा सात चाळीस. पहिल्या मजल्याच्या जिन्यात सहाजण पायऱ्यांवर बसलेले. मीटिंग तिथंच चालू केली होती. वरच्या पायरीवर मास्तर, खालच्या पायरीवर डॉक्टरीणबाई, इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर पर्स. मधुमेहवाले त्यांना ओलांडून ये-जा करत होते.

वास सगळ्यांना आला असणार. डॉक्टरीणबाई नुसत्या सरकल्या आणि पायरीवर जागा केली.

मी किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली. म्हटलं, अशी जबाबदारी घ्यायची माझी इच्छा नाही, दुसऱ्या कुणा कर्तबगार माणसाला द्या. त्यांनी ती परत माझ्या खिशात टाकली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खरा प्रकार सांगितला. इथं किल्ली कर्तबगार माणसाला देतच नाहीत. जो पळून जाईल अशी सगळ्यांना धास्ती असते, त्याला देतात. डॉक्टरीणबाईंकडे चौदा महिने होती. मास्तरांकडे एके काळी दोन वर्षं.

म्हणजे मान नाही, वेसण. महिनाभर मी वेसणीला पदक समजून मिरवत होतो. घरी हिला सांगितलं नाही.

सही दिली त्यांनी. मागितली नव्हती.

३० एप्रिल, बुधवार. पहाटे नाही, पण लवकर.

ठरलं. यांना दाखवून देतो. माझ्यावर पाळत ठेवणाऱ्या लोकांची जिरवायची तर एकच मार्ग आहे. सलग. रविवार नाही, बियर नाही, एक नाही, अर्धा नाही. यांच्या हिशेबानं तीस करून बिल्ला घेणार आणि त्यांच्यासमोर खिडकीतून फेकून देणार.

४ मे, रविवार.

पाच दिवस. हात थोडा कापतो. चहाचं प्रमाण वाढलंय, त्यानंच असणार.

९ मे, शुक्रवार.

दहा. झोप नाही. ही म्हणाली, उठून बसायचं असेल तर मीपण बसते. म्हटलं, गरज नाही. तरी बसली. रेडिओ लावला होता तिनं.

१३ मे, मंगळवार.

सही क्रमांक दहा. चौदा दिवस. मास्तरांनी विचारलं, काही बोलायचंय? म्हटलं, नाही. वाऱ्याविषयी? म्हटलं, नाही.

१९ मे, सोमवार.

वीस. ही हल्ली मी घरात शिरलो की स्वयंपाकघरातून बाहेर येते. आधी यायची नाही. तिथूनच विचारायची, आलात का, आणि माझं उत्तर ऐकायची. उत्तर नव्हे, बहुतेक आवाज ऐकायची. हे मला आज कळलं. राग आला. कुणाचा ते ठरवता येईना.

हा राग चांगला आहे, यावर अजून दहा दिवस निघतील.

२७ मे, मंगळवार.

बारावी सही. अठ्ठावीस दिवस. मास्तरांना ठणकावून सांगितलं की कार्ड पूर्ण झालंय, आता मी मोकळा. ते म्हणाले, हो. किल्ली परत मागतील वाटलं. मागितली नाही. चहापत्ती संपत आलीय, पुढच्या मंगळवारी आणाल का म्हणाले. या लोकांना निरोप कसा द्यायचा कळत नाही.

२८ मे, बुधवार.

फुंकलो. शून्य. सेफ्टीबाईंनी पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा शून्य. चोवीस वर्षं क्रेन चालवलेल्या माणसावर तिशीच्या बाईंनी असा विश्वास ठेवावा हे विशेषच. त्यांनी फॉर्म दिला. म्हणाल्या, आता फक्त सिग्नलमनची सही.

ती तर घरचीच आहे. अकरा वर्षं. त्याच्या मुलीच्या बारशाला मी होतो. उद्या तीस. उद्या सही, सोमवारी केबिन. मंगळवारी बिल्ला, आणि तो खिडकीतून बाहेर.

२९ मे, गुरुवार. संध्याकाळी ६.

फॉर्म पूर्ण. मी जिंकलो. रेकॉर्डसाठी सविस्तर लिहितो.

जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं. सिमेंटच्या थप्पीवर बसून डबा खात होता. मला बघून उठला, हात धुतला, पॅंटला पुसला. फॉर्म हातात घेतला, पूर्ण वाचला, थप्पीवरच ठेवून सही केली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, सोमवारपासून पुन्हा आपण दोघं.

तो म्हणाला, सोमवारपासून तो दुसऱ्या क्रेनवर चाललाय. पलीकडच्या बाजूच्या. बदली मागून घेतलीय, मंजूर झालीय.

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, मग सही कशाला केलीस?

"सही केली दादा, कारण वर बसल्याशिवाय तुम्ही जगणार नाही," तो म्हणाला. "बदली मागितली, कारण मला जगायचंय."

मी त्याला वाऱ्याचं सांगायला लागलो. तो मध्ये बोलत नाही कधी, आज बोलला. म्हणाला, वारा नव्हता. त्या दिवशी सकाळी सातपासून तुमचा शब्द जड येत होता. मला कळत होतं. त्या दिवशीच नाही, वर्षभर कळत होतं. ज्या दिवशी शब्द जड यायचा त्या दिवशी मी पोरांना हुकाखालून लांब ठेवायचो आणि स्वतः उभा राहायचो. कुणाला बोललो नाही. ती माझी चूक झाली. पोरीची शपथ घेऊन सांगतो, आता मला ते जमायचं नाही.

मग त्यानं डबा बंद केला. अर्धा राहिला होता.

ठीक आहे. सिग्नलमन पैशाला पासरी मिळतात. नवा घेऊन शिकवीन. डावं-उजवं सांगायला काय अक्कल लागते.

६.५०.

बसलोय. नेहमीची जागा नाही, दुसरी. फॉर्म पूर्ण झाल्याबद्दल एक घेणं रीतीला धरून आहे. अवरमीटर धरला तर मी केव्हाच साठच्या पुढे आहे.

७.४०.

दुसरी. नोंद: वारा होता.

८.१५.

मोजत नाही.

३० मे, शुक्रवार.

सकाळी हिनं डबा दिला. काल मी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती. तिथूनच विचारलं, आलात का. मी उत्तर दिलं नाही, तेवढ्यानंही कळलं असणार.

आठ वाजता सेफ्टीबाईंच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी फॉर्मसाठी हात पुढे केला. मी फॉर्म खिशातच ठेवला आणि नवीन कार्ड मागितलं. कोरं, बारा रकान्यांचं. त्या म्हणाल्या, कशाला, तुमच्या बारा सह्या झाल्यात की. सगळ्या खऱ्या आहेत, मी मास्तरांना फोन करून खात्री केलीय.

मी म्हटलं, सह्या खऱ्या आहेत. पण मी तिथं नव्हतो.

त्यांनी ड्रॉवर उघडला, कार्ड काढलं, त्यावर आजची तारीख घातली. म्हणजे आणखी बारा आठवडे स्टोअर. त्यापुढे काय ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

अकराला सिग्नलमन स्टोअरवर आला. हातमोजे फाटले होते. मी नवी जोडी काढली, त्याच्यासमोर ठेवली. तो रजिस्टरमध्ये सही करायला वाकला. वाकलेला असतानाच मी म्हटलं, "त्या दिवशी नववा मजला मला दिसतच नव्हता. अंदाजानं उतरवत होतो."

त्याचं पेन थांबलं. मान वर केली नाही.

"माहीत होतं, दादा," तो म्हणाला. सही पूर्ण केली, हातमोजे घातले आणि कामाला गेला.